आजीसाठी जाळीची शाल
(इयत्ता सहावी व सातवीसाठी विणकामाचा पाठ)

हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांनी केलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी स्वतःस विचारावा. पुष्कळ शाळांत त्या वस्तू कपाटात जातात, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडल्या जातात आणि पुन्हा कपाटात जातात. ज्या वस्तूची कोणी वाट पाहत नाही, ती नीट करण्याची ओढ मुलाला का वाटावी? याच्या उलट, थंडीत आजीच्या खांद्यावर पडावयाची शाल आपण विणीत आहोत असे मुलाला ठाऊक असले, म्हणजे त्याच्या हाताला एक निराळेच वळण लागते. शालीची लांबी किती असावी, लोकर अंगाला टोचेल काय, रंग आजीला आवडेल काय, असे प्रश्न ते आपण होऊन विचारू लागते.

परंतु याच ठिकाणी एक धोका आहे. वस्तू घरच्या माणसाला द्यावयाची म्हटली, की ती सुबक व्हावी म्हणून घरची मोठी माणसे मदतीला येतात. चुकलेली ओळ आई सोडविते, मागे पडलेला भाग ताई विणते आणि शेवटचा हात शिक्षकच फिरवितात. शाल सुंदर होते. पण ती नातवंडाची राहत नाही. प्रस्तुत पाठाची सर्व आखणी हा धोका टाळण्याच्या दृष्टीने केली आहे. मुलाने आपली चूक आपण शोधावी आणि आपणच दुरुस्त करावी, हा त्याचा मुख्य उद्देश होय. जाळीचे विणकाम या कामी फार उपयोगी पडते. कारण त्यात प्रत्येक ओळीचा हिशेब लागतो.

विणणे म्हणजे काय?

मराठीत 'विणणे' हा शब्द अनेक कामांसाठी वापरतात. खाट विणतात, टोपली विणतात, मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. पाठाच्या आरंभी यांतील भेद मुलांपुढे स्पष्ट करावा. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन प्रकारचे धागे एकमेकांतून जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचे फासे एकातून एक काढून कापड तयार होते. म्हणून मागावरच्या कापडाचा एक धागा तुटला तर तेवढीच जागा विरते; सुईवरचा एक फासा निसटला तर त्याच्या खालचा फासा सुटतो, त्याखालचाही सुटतो आणि शिडीसारखी उभी रेघ पडत जाते. विणकामाचा एक लहान तुकडा वर्गात आणून, एक फासा मुद्दाम सोडून दाखवावा. नंतर क्रोशाच्या सुईने तोच फासा पायरीपायरीने वर चढवून दाखवावा. चुकीचा परिणाम आणि तिचा उपाय ही दोन्ही मुलांनी प्रथमच पाहिली, म्हणजे पुढे फासा सुटल्यावर ती घाबरून जात नाहीत.

कापडात जाळी पडते ती दोन क्रियांनी. एक म्हणजे 'लोकर पुढे' घेणे. लोकर सुईवरून एक वेढा देऊन घेतली की सुईवर एक टाका वाढतो आणि त्याच्या खाली एक भोक राहते. दुसरी म्हणजे 'दोन टाके एकत्र' विणणे. तिने एक टाका कमी होतो. जितकी भोके, तितक्या जोडण्या. हा जाळीच्या विणकामाचा पाया आहे. भोके अधिक झाली तर कापड पसरत जाते, जोडण्या अधिक झाल्या तर ते आखडत जाते. दोन्ही समसमान ठेवल्या तर रुंदी कायम राहून नक्षी उमटते.

ही नक्षी कोठली?

या पाठासाठी निवडलेली लाटांची नक्षी शेटलंड बेटांतील आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस, सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रात शंभराच्या आसपास लहानमोठी बेटे आहेत. त्यांपैकी थोड्याच बेटांवर वस्ती आहे. वारा फार, झाडे थोडी, शेती बेताची. मासेमारी, मेंढ्या आणि विणकाम ही तेथील लोकांची जुनी साधने. तेथील मेंढी लहान चणीची असून तिची लोकर अत्यंत मऊ असते. उन्हाळ्याच्या आरंभी जुनी लोकर आपोआप सैल होते. तेव्हा ती कातरण्याऐवजी हाताने उपटून काढण्याची तेथे चाल होती. मानेजवळची सर्वांत तलम लोकर निवडून तिचे केसासारखे बारीक सूत काढीत आणि त्या सुताच्या जाळीदार शाली विणीत. उत्तरेकडील अन्स्ट हे बेट या कामासाठी विशेष प्रसिद्ध झाले. सुमारे सहा फूट लांब आणि तितकीच रुंद शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. अंगठीतून जाणाऱ्या काश्मिरी पश्मिना शालीचे वर्णन आपल्याकडे सर्वांनी ऐकलेले असते. ती शाल मागावर विणलेली असते आणि शेटलंडची शाल दोन सुयांवर, एवढा भेद मुलांना सांगावा.

या विणकामाला एकोणिसाव्या शतकात मोठे नाव मिळाले. मूळचे शेटलंडचे आर्थर अँडरसन यांनी १८३७ साली तेथील तलम विणीचे पायमोजे व्हिक्टोरिया राणीस भेट दिले. हेच अँडरसन पी. अँड ओ. या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत. या कंपनीच्या बोटी पुढे टपाल घेऊन मुंबई बंदरात येत असत. १८५१ साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनातही शेटलंडच्या शाली मांडल्या होत्या.

मात्र कथेची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. शाली विणणाऱ्या स्त्रियांना व्यापारी बहुधा रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा, कापड असा दुकानातील माल घ्यावा लागे. घरात पिठाची गरज असली तरी हाती चहाच पडे. या पद्धतीची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला आणि १८७२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला; त्यात विणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या साक्षी नोंदल्या आहेत. सुंदर वस्तू पाहताना ती कोणी केली आणि तिला काय मिळाले, हे विचारण्याची सवय मुलांना लागावी. स्वतः काही आठवडे सुया चालविल्यावर या प्रश्नाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

विकण्याच्या तलम शालींखेरीज शेटलंडमध्ये रोजच्या वापराच्या जाड, उबदार शालीही घरोघर विणल्या जात. त्या खांद्यावरून घेऊन पुढे बांधीत आणि तान्ह्या मुलांना त्यांतच गुंडाळीत. आपल्या पाठातील शाल या घरगुती जातीची आहे.

साहित्य

सुया : ७ किंवा ८ नंबरची एक जोडी. आपल्याकडील जुन्या मापात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे मुलांना सांगावे. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते.

लोकर : मध्यम बारीक, एकाच रंगाची. सर्व गोळे एकाच वेळी व रंगाच्या एकाच खेपेतील घ्यावेत. निराळ्या खेपेतील रंगात थोडा फरक पडतो आणि तो शालीत आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. बाजारात लोकर म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल कृत्रिम धाग्याचा असतो. त्याची परीक्षा शिक्षकाने स्वतः, चिमट्यात लहानसा तुकडा धरून करावी. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरडली जाणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते. कृत्रिम धाग्याचीही शाल होते. परंतु धुऊन ताणल्यावर खरी लोकर जसा आकार धरते तसा तो धरीत नाही.

नवी लोकर घेणे सर्वांनाच परवडेल असे नाही. घरातील जुना स्वेटर उसवून लोकर काढता येते. ती पाटाभोवती गुंडाळून तिची लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात धुवावी आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत टांगावी. लोकरीतील कुरळेपणा जाऊन ती पुन्हा विणण्याजोगी होते. अशा लोकरीची शाल कमी मोलाची नव्हे, हे शिक्षकाच्या वागण्यातून वर्गाला दिसले पाहिजे.

घोंगडीची लोकर या कामास चालणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. पाऊस व थंडी यांपासून राखणाऱ्या घोंगडीस ती योग्य, पण जाळीच्या तलम कामास अयोग्य. कोणत्या मालाचे काय करावे, हा विचार कारागिरीतला पहिला विचार होय. ती घोंगडी विणणाऱ्या सनगर कारागिरांत पुरुषही असतात, हे येथेच सांगून ठेवावे. म्हणजे 'विणकाम मुलींचे' असे म्हणून एखादा मुलगा बाजूला बसणार नाही.

नक्षी

नक्षीचा एक घर १८ टाक्यांचा व ४ ओळींचा असतो. फळ्यावर 'सु' म्हणजे सुलट, 'लो' म्हणजे लोकर पुढे आणि 'ए' म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, अशा खुणा लिहाव्यात.

पहिली ओळ : सर्व टाके सुलट.
दुसरी ओळ : सर्व टाके उलट.
तिसरी ओळ : ए ३ वेळा, (लो, सु) ६ वेळा, ए ३ वेळा.
चौथी ओळ : सर्व टाके सुलट.

दोन्ही कडांना तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणावेत. त्यामुळे कडा वळत नाही.

तिसऱ्या ओळीचा हिशेब फळ्यावर असा मांडावा. सहा 'ए' मिळून १२ टाके खर्च होतात आणि ६ उरतात. सहा (लो, सु) यांत ६ टाके खर्च होतात आणि १२ होतात. खर्च १८, जमा १८. ज्या मुलाला हा जमाखर्च कळला, त्याला नक्षी पाठ करावी लागत नाही. टाके एकीकडे जोडले गेल्याने तेथे कापड आत ओढले जाते आणि दुसरीकडे वाढल्याने तेथे ते फुगते. म्हणून सरळ ओळींच्या आपोआप लाटा होतात.

नमुना आणि गणित

शालीस एकदम हात घालू नये. प्रथम ३६ टाके, म्हणजे दोन घरे, आणि कडांचे ६ टाके घालून २४ ओळींचा नमुना विणावा. तो धुऊन, ताणून, वाळवून मगच मोजावा. प्रत्येक मुलाच्या हाताची ओढ निराळी असल्यामुळे प्रत्येकाचे माप निराळे येईल. शेजाऱ्याचे माप उतरवून घेणाऱ्याची शाल चुकणार, हे मुलांना आपोआप कळेल.

उदाहरण : कडा सोडून ३६ टाक्यांची रुंदी १८ सेंटिमीटर भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला २ टाके. नक्षीची रुंदी ५४ सेंटिमीटर हवी असेल तर १०८ टाके, म्हणजे बरोबर ६ घरे. कडांचे ६ मिळवून सुईवर ११४ टाके घालावेत. २४ ओळींची लांबी १० सेंटिमीटर भरली, तर १५० सेंटिमीटरसाठी ३६० ओळी, म्हणजे नक्षीच्या ९० आवृत्ती. एकूण टाके ११४ × ३६० = ४१,०४०. हा आकडा मुलांकडूनच काढवून घ्यावा. तो पाहून वर्ग क्षणभर गप्प होतो. मग दुसरे गणित घालावे : रोज नक्षीची एकच आवृत्ती विणली तर रोजचे टाके किती? ४५६. मिनिटाला १५ टाके पडले तर वेळ किती? सुमारे अर्धा तास. आठवड्याचे सहा दिवस काम केले तर ९० आवृत्तींना १५ आठवडे लागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आरंभ केला तर ऑक्टोबरच्या मध्यास शाल पुरी होते आणि थंडीपूर्वी हाती काही दिवस उरतात. मोठ्या कामाची भीती अशा भागाकाराने जाते.

लोकरीचा अंदाजही असाच काढावा. २५ ग्रॅमच्या एका गोळ्यात ४० ओळी झाल्या, तर ३६० ओळींना ९ गोळे, म्हणजे २२५ ग्रॅम. काठांसाठी एक गोळा अधिक ठेवावा.

शालीची लांबी शिक्षकाने ठरवू नये. मुलाने घरी आजीला प्रत्यक्ष मोजून आणावी. ती पदर कसा घेते, शाल पाठीवरून घेते की डोक्यावरून, बसून काम करताना टोके जमिनीला लागतील काय, हे पाहावे. म्हाताऱ्या माणसास जड पांघरुणाचा खांद्यावर भार होतो. हलकी लोकरीची शाल दुहेरी घेतली तर फाशांत व दोन पदरांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने ऊब टिकते. ज्याची आजी हयात नाही, त्याने शेजारच्या किंवा नात्यातील कोणत्याही वृद्ध माणसासाठी शाल विणावी. वर्गात ही सूचना सर्वांना मिळूनच द्यावी. एकट्या मुलास उभे करून देऊ नये.

विणताना

टाके सैल घालावेत. त्यासाठी दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालून एक सुई काढून घ्यावी. आरंभी चार ओळी सुलट, नंतर नक्षीच्या आवृत्ती, शेवटी पुन्हा चार ओळी सुलट. टाके बंद करतानाही हात सैल ठेवावा.

प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर मुलाने टाके मोजलेच पाहिजेत. घरात १७ टाके निघाले तर एक 'लो' राहिला किंवा एक 'ए' जास्त झाला. १९ निघाले तर एक 'ए' राहिला किंवा एक 'लो' जास्त झाला. परंतु एवढ्यावर थांबू नये. एक 'लो' आणि एक 'ए' दोन्ही राहिले, तरीही टाके १८ च भरतात. हिशेब जुळतो, पण नक्षी चुकते. म्हणून टाक्यांबरोबर भोकेही मोजावीत. प्रत्येक घरात सहा भोके दिसली पाहिजेत. केवळ बेरीज जुळली म्हणजे काम बरोबर झाले असे नव्हे, ही गोष्ट येथे मुलांच्या डोळ्यांना दिसते.

दर दहा आवृत्तींनंतर निराळ्या रंगाचा सुती दोरा शिवणाच्या सुईने सर्व टाक्यांतून ओवून ठेवावा. पुढे मोठी चूक सापडली तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्तपणे उसवता येते. त्याखाली काही सुटत नाही. शाल पुरी झाल्यावर दोरे ओढून काढावेत.

चूक सापडल्यावर शिक्षकाने सुया आपल्या हाती घेऊ नयेत. "कोणत्या घरात? किती टाके? किती भोके?" एवढेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तर सापडेपर्यंत थांबावे. उसवावे लागले तर मुलाच्या हातूनच उसववावे. त्यात एक तास जाईल; पण पुढची चूक ते मूल स्वतः शोधील. काम मागे पडू लागले तर शाल दुसऱ्याकडून पुरी करून घेण्यापेक्षा ती लहान करावी. ९० ऐवजी ६० आवृत्ती झाल्या तरी सुमारे १०० सेंटिमीटरची, खांदे झाकणारी शाल होते. ज्यांना तेवढेही साधणार नाही, त्यांनी दोन घरांचा गळपट्टा विणावा. पूर्ण केलेला गळपट्टा हा दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या शालीपेक्षा मोठा आहे.

धुणे व ताणणे

सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेली व आखूड दिसते. मुले निराश होतात. ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता धुवावी. पिळू नये, कोरड्या पंचात गुंडाळून दाबावी. नंतर स्वच्छ चादर घातलेल्या चटईवर पसरून, ठरलेल्या मापापर्यंत ताणावी आणि कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावाव्यात. लाटेचे प्रत्येक टोक बाहेर ओढून टोचावे. शेटलंडमध्ये यासाठी लाकडी चौकट वापरीत. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नयेत. याच वेळी भोके उघडतात आणि मापाप्रमाणे लांबीरुंदी भरते. जून महिन्यात वहीत केलेले गणित ऑक्टोबरात चटईवर खरे ठरलेले मूल येथे पाहते.

मूल्यमापन

शाल किती सुबक आहे यावर गुण देऊ नयेत. पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नमुन्यावरून टाके, ओळी व लोकर यांचे गणित मुलाने स्वतः केले काय?
२. कोणत्या आवृत्तीत चूक झाली व ती कशी सुधारली, याची नोंद वहीत आहे काय?
३. आरंभीच्या व शेवटच्या दहा आवृत्तींत फरक दिसतो काय? आरंभीचे टाके वेडेवाकडे व शेवटचे सारखे असतील, तर काम त्याच हातचे आहे आणि पाठ सफल झाला आहे.

ही तिसरी खूण शिक्षकाने विशेष मोलाची मानावी. आरंभीचा वाकडा भाग लपविण्याची धडपड करणाऱ्या मुलास तो तसाच ठेवावयास सांगावे. शाळेत प्रदर्शन भरवावयाचे असेल तर ते शाली घरी जाण्यापूर्वी एक दिवस भरवावे आणि त्याच संध्याकाळी मुलांनी आपापल्या शाली घेऊन जाव्यात. थंडी सुरू झाल्यावर शाल शाळेच्या कपाटात राहता कामा नये.